निवासी वाहनासाठी उपग्रहाधारित दिशादर्शक यंत्राची निवड : कारेगाव–रांजणगाव परिसराच्या संदर्भात

सारांश

निवासी वाहनासाठी दिशादर्शक यंत्र निवडताना ग्राहकाचे लक्ष बहुधा पडद्याचा आकार, किंमत आणि उपग्रहांची संख्या यांकडे जाते. प्रत्यक्षात उपग्रहाकडून वाहनाचे केवळ स्थान कळते. मार्ग नकाशावरून ठरतो, आणि तो मार्ग त्या विशिष्ट वाहनास योग्य आहे किंवा नाही हे वाहनाची उंची, रुंदी, लांबी व वजन यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात शिरूर तालुक्यातील कारेगाव हे आरंभस्थान मानून अष्टविनायक मार्गावरील उदाहरणांच्या साहाय्याने या निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, निवासी वाहन, नाविक, अंकीय नकाशा, अष्टविनायक मार्ग.

१. प्रस्तावना

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर वसलेले कारेगाव हे एकेकाळी कोरडवाहू शेतीचे गाव होते. रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या स्थापनेनंतर गावाचे स्वरूप पालटले. घरगुती उपकरणे, मोटारी व सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे येथे देशाच्या सर्व भागांतून मालवाहू वाहने येतात. शेजारीच रांजणगाव येथे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असल्याने यात्रेकरूंच्या बसगाड्या व मिनीबसही याच रस्त्याने ये-जा करतात. या वाहतुकीत अलीकडे निवासी वाहनांची भर पडू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर अशा वाहनांविषयीचे कुतूहल वाढले.

निवासी वाहन, म्हणजे मोटरहोम किंवा कॅराव्हॅन, हे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन होय. भारतात ते बहुधा टेम्पो ट्रॅव्हलर, मिनीबस किंवा बसच्या सांगाड्यावर बांधले जाते. चालवणारा मात्र पुष्कळदा मोटार चालवण्याची सवय असलेला गृहस्थ असतो. आपण मोटारीत बसलेलो नाही, याचा विसर त्याला अरुंद वळणावर किंवा कमी उंचीच्या पुलाखाली महागात पडतो. मालवाहू ट्रकचा अनुभवी चालक रस्त्याकडे पाहून जे ओळखतो, ते या नवख्या चालकास कोणीतरी सांगावे लागते. हे सांगण्याचे काम यंत्राने करावे अशी अपेक्षा असते. म्हणूनच यंत्राची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही. महाविद्यालयांच्या अभ्याससहलींच्या बसगाड्यांनाही हेच विवेचन लागू पडते.

२. तीन भिन्न यंत्रे

बोलण्यात सरसकट 'जीपीएस' हा एकच शब्द वापरला जात असल्याने तीन वेगळ्या यंत्रांचा घोटाळा होतो. त्यांतील भेद प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिले यंत्र स्थानग्राही होय. उपग्रहांचे संदेश ग्रहण करून अक्षांश, रेखांश व वेळ काढणारा हा लहानसा भाग फोनमध्येही असतो आणि स्वतंत्र यंत्रातही.

दुसरे यंत्र वाहनमागोवा यंत्र होय. ते वाहनाचे स्थान मालकास अथवा नियंत्रण कक्षास कळवते. चालकास मार्ग दाखवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२५ एच अन्वये, १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक सेवा वाहनांत 'एआयएस-१४०' मानकाचे मागोवा यंत्र व आणीबाणीचे बटण आवश्यक करण्यात आले. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. खासगी वापराचे निवासी वाहन आणि भाड्याने दिले जाणारे निवासी वाहन यांची नोंदणी वेगवेगळ्या वर्गांत होत असल्याने, वाहन भाड्याने देण्याचा विचार असलेल्या मालकाने या अटीची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करावी. मात्र 'गाडीत जीपीएस बसवलेले आहे' या विक्रेत्याच्या वाक्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की गाडी कोठे आहे हे दुसऱ्याला कळते. चालकाला त्याचा काही उपयोग नसतो.

तिसरे यंत्र म्हणजे दिशादर्शक यंत्र. स्थानग्राही, अंकीय नकाशा आणि मार्ग काढणारी आज्ञावली या तिन्हींचा त्यात संयोग असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे तिसरे यंत्र होय.

३. उपग्रह काय सांगतो?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये हाती घेतलेली जीपीएस योजना १९९५ मध्ये पूर्णत्वास गेली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील सहा कक्षांत किमान २४ उपग्रह फिरत राहावेत, अशी तिची रचना आहे. प्रत्येक उपग्रह आपले स्थान व संदेश निघाल्याची वेळ सतत प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळास प्रकाशाच्या वेगाने गुणले असता उपग्रहापासूनचे अंतर मिळते. अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशींत ग्राहीच्या साध्या घड्याळातील चूक ही चौथी राशी मिळवली जात असल्याने किमान चार उपग्रह दिसणे आवश्यक ठरते. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते, यावरून अणुघड्याळांचे महत्त्व ध्यानात येईल.

नागरी वापरासाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि मोटारीतील दिशादर्शन व्यवहार्य झाले. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदौ या प्रणालीही उपलब्ध आहेत. भारताच्या प्रादेशिक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला, आणि तिला 'नाविक' हे नाव देण्यात आले. नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून भारतातून पाहता ते आकाशात बरेच वर दिसतात. घाटात दोन्ही बाजूंनी डोंगर उभे असताना क्षितिजालगतचे उपग्रह झाकले जातात. अशा वेळी डोक्यावरचे उपग्रह उपयोगी पडतात. मात्र नाविकच्या काही उपग्रहांवरील अणुघड्याळे बंद पडली, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. म्हणून कोणत्याही एकाच प्रणालीवर विसंबणाऱ्या यंत्रापेक्षा अनेक प्रणालींचे संदेश घेणारे यंत्र निवडणे इष्ट. सध्याचे बहुतेक ग्राही तसे असतात. त्यामुळे या निकषावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

मोकळ्या आकाशाखाली साधा ग्राही सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान देतो. कारेगावसारख्या सपाट, उघड्या माळावर याहून अधिक अचूकतेची गरज भासत नाही. अडचण येते ती मुख्य रस्ता व त्यालगतचा सेवारस्ता यांत, किंवा पूल व त्याखालील रस्ता यांत फरक करताना. थोडक्यात, 'मी कोठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर उपग्रह समाधानकारकपणे देतो. 'कोठून जावे?' हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

४. नकाशा व गावांच्या नावांचा प्रश्न

यंत्रास गंतव्यस्थान सांगताना गावाचे नाव टाकावे लागते, आणि महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे आहेत. प्रस्तुत परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे.

कारेगाव हे नाव शिरूर तालुक्यात आहे, श्रीरामपूर तालुक्यात आहे आणि परभणी शहरालगतही आहे. रांजणगाव म्हटले की पुणेकरांस रांजणगाव गणपती आठवते. परंतु शिरूर तालुक्यातच भीमेकाठी रांजणगाव सांडस आहे, आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज औद्योगिक क्षेत्रास लागून रांजणगाव शेणपुंजी आहे. दोन रांजणगावे औद्योगिक वसाहतींशी निगडित असल्याने 'रांजणगाव एमआयडीसी' एवढ्या पत्त्यावरही परप्रांतीय चालकाची दिशाभूल होऊ शकते. शिरूरची गोष्ट तीच. पुणे जिल्ह्यातील शिरूर घोडनदी, बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद अशी ही यादी आहे. तळेगाव ढमढेरे व तळेगाव दाभाडे हे दोन्ही पुणे जिल्ह्यातच आहेत.

याहून सूक्ष्म घोटाळा लिपीमुळे होतो. वरदविनायकाचे महड हे खोपोलीजवळ आहे, तर चवदार तळ्यासाठी प्रसिद्ध असलेले महाड हे त्याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. मराठीत एका कान्याचा फरक आहे. रोमन लिपीत मात्र दोन्ही नावे सारखीच लिहिली जातात. अष्टविनायकाच्या यात्रेस निघालेल्या निवासी वाहनाच्या चालकाने पुण्यात बसून रोमन अक्षरांत हे नाव टाकले आणि पहिला पर्याय स्वीकारला, तर यंत्र त्यास भोरमार्गे वरंधा घाटाकडे नेऊ शकते. हा घाट अरुंद व तीव्र वळणांचा असून पावसाळ्यात दरडींच्या भयाने तो वेळोवेळी वाहतुकीस बंद ठेवला जातो. सुधागड तालुक्यातील बल्लाळेश्वराची पाली व खंडोबाची सातारा जिल्ह्यातील पाल यांबाबतही अशीच दक्षता आवश्यक आहे.

यावरून निवडीचा पहिला महत्त्वाचा निकष हाती येतो. यंत्र देवनागरीत नाव स्वीकारते काय? गावाच्या नावासोबत तालुका व जिल्हा दाखवते काय? अक्षांश-रेखांश थेट टाकण्याची सोय आहे काय? टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' ही दहा अक्षरांकांची पत्ता-पद्धती सुरू केली असून तीत देशाची विभागणी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत केली आहे. हा संकेतांक अक्षांश-रेखांशांवरून काढला जात असल्याने गावाच्या नावाचा प्रश्नच उरत नाही. मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश अथवा डिजिपिन यजमानाकडून आधी मागवून घेणे, हा नावांच्या घोटाळ्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

५. वाहनाची मापे

मोटारीसाठी बनवलेले दिशादर्शक यंत्र दोन बिंदूंमधील सर्वांत जलद किंवा सर्वांत जवळचा मार्ग काढते. प्रत्येक रस्ता आपल्यास खुला आहे, हे त्याचे गृहीतक असते. निवासी वाहनाबाबत हे गृहीतक चार ठिकाणी कोसळते.

(अ) उंची : मिनीबसच्या सांगाड्यावरील निवासी वाहनाची उंची साधारणतः तीन मीटरच्या आसपास असते. छतावर वातानुकूलन यंत्र, सौर पटल किंवा सामानाची जाळी बसवल्यास तीत भर पडते. वाहनाच्या नोंदणीपत्रात न दिसणारी ही भरच बहुधा अडकते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पुलाखालील मार्गात ग्रामीण भागात ५ मीटर व शहरी भागात ५.५ मीटर उभी मोकळीक अपेक्षित आहे; परंतु लोहमार्गाखालील जुन्या मोऱ्या आणि फाटके बंद करून बांधलेले मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग यांची उंची पुष्कळ कमी असते. पुणे–दौंड–सोलापूर व दौंड–मनमाड हे दोन लोहमार्ग याच परिसरातून जात असल्याने येथे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. रांजणगाव वसाहतीतील कंटेनर-चालकाची अडचणही हीच आहे. उंच बनावटीच्या कंटेनरची स्वतःचीच उंची सुमारे २.९ मीटर असते. तो दीड मीटर उंचीच्या ट्रेलरवर ठेवला तर एकूण उंची ४.४ मीटर होते.

(आ) रुंदी व लांबी : मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. औद्योगिक वसाहतीचे रस्ते या रुंदीस पुरेसे आहेत. परंतु जवळचा मार्ग शोधणारे यंत्र गावठाणातून, वेशीतून, देवळासमोरच्या बोळातून नेते. लांब वाहन अशा ठिकाणी वळूही शकत नाही आणि मागेही येऊ शकत नाही.

(इ) वजन : जुन्या पुलांवर वजनाची मर्यादा दर्शवणारे फलक असतात. वाहनाचे कागदोपत्री वजन व प्रवासातील वजन भिन्न असते. २०० लिटर पाण्याची टाकी भरली की २०० किलोग्रॅमची वाढ होते. गॅसची टाकी, बॅटऱ्या व माणसे वेगळी.

(ई) प्रवेशबंदी : काही घाटांत व शहरांत अवजड वाहनांना विशिष्ट वेळी बंदी असते. तसेच देवस्थानांच्या व हॉटेलांच्या वाहनतळांच्या प्रवेशद्वारावर पुष्कळदा लोखंडी आडवी कमान असते.

युरोप-अमेरिकेत याच कारणासाठी निवासी वाहनांची स्वतंत्र यंत्रे निघाली. गार्मिनची 'कॅम्पर' व टॉमटॉमची 'गो कॅम्पर' ही त्यांची परिचित उदाहरणे होत. त्यांत वाहनाची उंची, रुंदी, लांबी व वजन भरता येते आणि त्यानुसार मार्ग काढला जातो. परंतु येथे एक भेद विसरता कामा नये. यंत्रात माप भरण्याची सोय असणे वेगळे आणि नकाशात पुलांची उंची नोंदलेली असणे वेगळे. नकाशात नोंद नसेल तर यंत्र त्या पुलास निर्बंधरहित समजते आणि चालकास खोटा विश्वास मिळतो. परदेशातून आणलेल्या महागड्या यंत्राची किंमत त्याच्या भारतीय नकाशात अशा किती नोंदी आहेत यावर ठरते.

६. एक उदाहरण : कारेगाव ते सिद्धटेक व मोरगाव

रांजणगावचे दर्शन घेऊन सिद्धटेककडे निघालेल्या निवासी वाहनाचा विचार केल्यास वरील मुद्दे स्पष्ट होतील. सिद्धटेक हे कर्जत तालुक्यात भीमेच्या उत्तर तीरावर आहे. कारेगावहून न्हावरे, इनामगाव, काष्टी व पेडगावमार्गे गेल्यास घोड नदी ओलांडावी लागते, भीमा ओलांडावी लागत नाही. दुसरा मार्ग न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्यास, तेथून पाटस व दौंडमार्गे शिरापूरला आणि पुन्हा भीमा ओलांडून सिद्धटेकला जातो. पूर्वी शिरापूरजवळ भीमा नावेने पार करावी लागत असे; पुढे तेथे पूल झाला. पूल नसलेल्या काळातील नकाशा वापरणारे यंत्र वाहनास वळसा घालायला लावेल. पूल दाखवणारे पण रस्त्याची रुंदी न जाणणारे यंत्र त्यास लहान रस्त्यावर नेईल. कोणता मार्ग योग्य, हे वाहनाच्या आकारावर, ऋतूवर आणि दिवस आहे की रात्र यावर अवलंबून आहे.

मोरगावसाठी न्हावरे–चौफुला–सुपे हा सरळ मार्ग आहे. दौंड तालुक्यात तो पुणे–सोलापूर लोहमार्ग व महामार्ग दोन्ही ओलांडतो. मुख्य रस्ता न सोडणे हेच येथे मोठ्या वाहनाच्या हिताचे असते. परंतु दोन-तीन मिनिटे वाचवण्यासाठी यंत्र मध्येच एखाद्या कालव्याकाठच्या रस्त्याकडे बोट दाखवते. उसाच्या गाळप हंगामात या सर्व रस्त्यांवर ट्रॅक्टर व बैलगाड्यांची रांग असते. मोटारीच्या वेगावरून काढलेली पोहोचण्याची वेळ अशा दिवसांत निरर्थक ठरते. म्हणून 'लहान रस्ते टाळा' असा स्पष्ट पर्याय, तसेच चालकाने स्वतः निवडलेली मधली गावे क्रमाने टाकण्याची सोय, या दोन गोष्टी निवासी वाहनाच्या यंत्रात अनिवार्य मानाव्यात.

७. नकाशाचा काळाशी संबंध

रस्ता ही स्थिर वस्तू नाही. तो धुऊन जातो, बुडतो, अर्धवट राहतो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे रात्री निघालेली एक मोटार फोनवरील नकाशाच्या आधारे अकोले तालुक्यातील कोतूळ येथे गेली. तेथील पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. मोटार पाण्यात शिरली. दोघे बाहेर पडू शकले, चालक मात्र बुडाला. हा पूल वर्षातून काही महिने पाण्याखाली असतो हे परिसरातील प्रत्येकास ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली जिल्ह्यातील फरीदपूरजवळ रामगंगेवरील पुलाचा भाग पुरात वाहून गेलेला असताना एक मोटार त्यावरून कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या प्रसंगीही दिशादर्शनाचाच आधार घेतला गेला होता.

दोन्ही ठिकाणी उपग्रहाने स्थान अचूक सांगितले होते. चूक होती ती नकाशात, तसेच रस्त्यावर अडथळा व फलक न लावण्यात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, नकाशा किती वारंवार व किती खर्चात अद्ययावत होतो हा निकष यंत्राच्या मूळ किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. दोन, कोणताही नकाशा अद्ययावत असला तरी तो धरणाच्या दाराशी बांधलेला नसतो. म्हणून अनोळखी, दुय्यम रस्त्याने रात्री निवासी वाहन नेऊ नये, आणि पाण्याजवळचा रस्ता गावकऱ्यास विचारल्याशिवाय धरू नये, हा नियम यंत्र कोणतेही असले तरी कायम राहतो.

८. उपलब्ध पर्यायांची तुलना

पहिला पर्याय साध्या फोनचा. नकाशा सतत अद्ययावत होतो, वाहतुकीची कोंडी कळते, मराठीत सूचना मिळू शकतात आणि वेगळा खर्च नाही. दोष असे की संपर्कजाळे नसलेल्या घाटात नवा मार्ग काढता येत नाही, उन्हात फोन तापून बंद पडतो, आणि वाहनाचे माप विचारात घेतले जात नाही. मार्गाचा नकाशा आधी उतरवून घेतल्यास पहिला दोष कमी होतो.

दुसरा पर्याय फोनमध्येच मोठ्या वाहनांसाठीची आज्ञावली वापरण्याचा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात पुलाची उंची व वजनमर्यादा नोंदण्याची सोय आहे. ओस्मअँडसारखी आज्ञावली त्या नोंदी वापरते व संपर्कजाळ्याविना चालते. नोंदी स्वयंसेवकांनी केलेल्या असल्याने कोठे विपुल तर कोठे मुळीच नसतात. परंतु येथे उणीव भरून काढण्याचा मार्ग खुला आहे. महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने परिसरातील भुयारी मार्गांची उंची मोजून ती या नकाशात नोंदवण्याचा प्रकल्प हाती घेतल्यास त्याचा लाभ प्रत्येक चालकास होईल.

तिसरा पर्याय स्वतंत्र यंत्राचा. पडदा मोठा, उन्हात दिसणारा. फोन मोकळा राहतो. संपर्कजाळ्याची गरज नसते. किंमत अधिक आणि नकाशाच्या दर्जाविषयी खातरजमा आवश्यक.

व्यवहारात दोन साधनांचा मेळ उत्तम ठरतो. वाहनाची मापे जाणणारे व संपर्कजाळ्याविना चालणारे साधन मुख्य ठेवावे, आणि कोंडी व बंद रस्ते यांच्या माहितीसाठी सहप्रवाशाने फोन पाहावा. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार हाती धरण्याचे संपर्कसाधन चालकास केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होईल अशा रीतीने वापरता येते. इतर वापर दंडास पात्र आहे.

९. जोडणीविषयक बाबी

मोटारीत १२ व्होल्टची, तर मोठ्या बस-ट्रकच्या सांगाड्यात बहुधा २४ व्होल्टची विद्युतव्यवस्था असते. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला चार्जर २४ व्होल्टला लावल्यास जळतो. म्हणून दोन्हीस चालणारा चार्जर घ्यावा. वाहनाचे छत धातूचे असल्याने ग्राही समोरच्या काचेजवळ असावा. काचेवर धातुमिश्रित पडदी असेल तर बाहेरील अँटेना जोडता येईल असे यंत्र घ्यावे. पडदा चालकाच्या दृष्टिपथात असावा, परंतु रस्त्याचा कोणताही भाग झाकणारा नसावा. वाहनाची उंची सामान लादल्यानंतर स्वतः मोजावी. यंत्र मीटरमध्ये विचारते आणि गॅरेजवाला फुटांत सांगतो. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर. या आकड्यात काही सेंटिमीटर अधिक धरून तो यंत्रात भरावा व चालकासमोर चिकटवूनही ठेवावा.

१०. खरेदीपूर्व चाचणी

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा परिचित रस्त्यावरील चाचणी अधिक विश्वसनीय असते. कारेगाव परिसरातील ग्राहकास दुकानात उभे राहूनच पुढील सहा प्रश्न यंत्रास विचारता येतील.

(१) 'रांजणगाव' टाकल्यास तिन्ही रांजणगावे तालुक्यासह वेगळी दिसतात काय?
(२) महड व महाड यांत यंत्र फरक करते काय?
(३) कारेगाव–सिद्धटेक मार्ग काढताना दोन्ही पर्याय दाखवते काय? मधे काष्टी किंवा दौंड टाकून मार्ग बदलता येतो काय?
(४) वाहनाची उंची १.५ मीटरऐवजी ३.२ मीटर भरली असता परिचित कमी उंचीच्या भुयारी मार्गावरून यंत्र वाहन वळवते काय? वळवत नसेल तर नकाशात नोंद नाही असे समजावे.
(५) फोनचे संपर्कजाळे बंद केल्यावर नवा मार्ग काढता येतो काय?
(६) नकाशा शेवटचा कधी अद्ययावत झाला, आणि पुढील अद्ययावतीकरण किती वर्षे विनामूल्य आहे?

यांपैकी चौथ्या प्रश्नात अनुत्तीर्ण होणारे यंत्र, इतर पाचांत उत्तीर्ण झाले तरी, निवासी वाहनासाठी मोटारीच्या यंत्रापेक्षा श्रेष्ठ मानता येणार नाही. त्यासाठी जादा रक्कम मोजण्याचे प्रयोजन नाही.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. स्थाननिश्चिती ही आज बव्हंशी सुटलेली समस्या असून यंत्रायंत्रांतील खरा भेद नकाशात आहे. निवासी वाहनासाठी यंत्र निवडताना वाहनाची मापे स्वीकारण्याची सोय आणि त्या मापांशी ताडून पाहता येतील अशा नोंदी नकाशात असणे, या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. एकीवाचून दुसरी निरुपयोगी आहे. महाराष्ट्रातील गावांच्या नावांची पुनरावृत्ती लक्षात घेता देवनागरी शोध व अक्षांश-रेखांशांची सोय यांना पडद्याच्या आकारापेक्षा अधिक महत्त्व द्यावे. शेवटी, मार्ग सुचवणे हे यंत्राचे काम असले तरी तो स्वीकारणे हे चालकाचे काम आहे. न्हावऱ्याच्या चौकात थांबून 'पुढे मोठी गाडी जाते का?' असे विचारण्यास लागणारी दोन मिनिटे कोणत्याही यंत्राच्या हिशोबात नसतात; चालकाने मात्र ती आपल्या हिशोबात धरलीच पाहिजेत.